नियम सातवा : गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्या

घड्याळ विकायचं, एवढंच ठरलं होतं. जमीन नाही, घर नाही, बैलजोडी नाही. मनगटावर बांधायचं एक घड्याळ. परतूरच्या तातेरावांना वाटलं, सोमवारी विकायला काढू, बुधवारपर्यंत पैसे येतील, गुरुवारी स्कूटी दारात. तातेराव एकतीस वर्षं हायस्कुलात हेडक्लार्क होते. कोणत्या कामाला किती दिवस लागतात ते त्यांना नाही कळणार तर कुणाला? पण तो अंदाज टेबलामागं बसणाऱ्याचा होता. टेबलासमोर उभं राहणाऱ्याचे दिवस वेगळ्या हिशेबानं जातात, हे बिचाऱ्यांना निवृत्तीनंतर कळलं.

स्कूटी हवी होती लेकीला. कौसल्याला चौदा किलोमीटरवरच्या एका खेड्यात शिक्षणसेवकाची नोकरी लागली होती. शाळा भरायची साडेदहाला आणि तिकडची पहिली एसटी निघायची अकराला, तीही ड्रायव्हरचा चहा झाला असेल तर. जीपवाले बारा माणसं कोंबल्याशिवाय हलत नसत. महिन्यात नऊ लेटमार्क पडले तेव्हा मुख्याध्यापकांनी सरळ लेखी दिलं : येत्या एक तारखेपासून वेळेवर हजर व्हा, नाहीतर तुमच्या जागी दुसऱ्याची व्यवस्था करू. पोरीनं दोन वर्षं फॉर्म भरभरून मिळवलेली नोकरी. इकडं दवाखान्यातल्या एका सिस्टरबाईंची बदली झाली होती आणि त्यांची जुनी स्कूटी पंचवीस हजारांना निघाली होती. "तीस तारखेपर्यंत थांबते," सिस्टरबाई म्हणाल्या, "एकतीसला माझं सामान हललं की गाडी बी हलली."

घड्याळ होतं मामाचं. तातेरावांचे मामा हैदराबादला एका नवाबाच्या हवेलीत मुनीम होते. नवाबानं खुश होऊन आपल्या हातातलं स्विस घड्याळ काढून त्यांना दिलं, आणि मूलबाळ नसलेल्या मामांनी ते भाच्याला दिलं. सोन्याची केस, आत बारीक आकडे. तातेराव ते वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला घालायचे. परतूरच्या सराफानं त्याचं नुसतं सोनं तोललं आणि सात हजार सांगितले. जालन्याचा घड्याळजी मात्र भला माणूस. डोळ्याला भिंग लावून त्यानं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे हितं विकू नका. इंटरनेटवर टाका. शौकीन लोक पंचवीस-तीस हजार हसत देतील. फक्त संभाळून, तिथं चोर लई."

संभाळून म्हटल्यावर कौसल्यानं त्या वेबसाईटवरचे सुरक्षित विक्रीचे नियमच छापून आणले. बारा नियम. इंग्रजीतून एकेक वाचून तिनं मराठीत सांगितला आणि तातेरावांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला, फाईल केली, फाईलला नाडी बांधली. निवृत्त झाल्यापासून माणसाचा चेहरा इतका खुलला नव्हता. नियम पाळायला मिळाले की तातेरावांना भूकसुद्धा चांगली लागायची.

नियम पहिला, वस्तूचे स्पष्ट फोटो काढा. परतुरात नेट कॅफे एकच, मच्छिंद्रचा. तिथंच झेरॉक्स, तिथंच लॅमिनेशन आणि मागच्या खोलीत फोटो स्टुडिओ. मच्छिंद्रला फोटो म्हणजे लग्नाचे, दुसरं त्यानं आयुष्यात काही काढलेलं नव्हतं. त्यानं घड्याळ लाल मखमलीच्या खुर्चीवर ठेवलं, बाजूला प्लॅस्टिकचे गुलाब, मागं बर्फाच्या डोंगरांचा पडदा. "घड्याळ स्विसचं है ना सर? मंग पडदाबी तिकडचाच पाहिजे." तातेराव म्हणाले, "अरे, घड्याळ दिसतंय का त्यात?" तर म्हणाला, "दिसून राह्यलं ना, खुर्चीच्या मधोमध. हे पिवळं."

माहिती लिहायची वेळ आली तेव्हा मच्छिंद्रच्या कॉम्प्युटरवर तयार नमुना एकच निघाला, लग्नाच्या परिचयपत्राचा. त्यातच त्यानं घड्याळ बसवलं. जन्म : अंदाजे १९४८. वर्ण : सोनेरी. उंची : दीड इंच. मामाकुळ : हैदराबाद. अपेक्षा : पंचवीस हजारांच्या पुढं, निर्व्यसनी. कौसल्यानं ते पाहून कपाळाला हात लावला आणि सगळं पुसून स्वतः लिहिलं. पण तोवर एक रात्र ते परिचयपत्र नेटवर झळकून गेलं होतं आणि औसा तालुक्यातून एकानं पत्रिका मागवलेली होती.

तिसरा नियम मालकीच्या पुराव्याचा. आता नवाबानं खुशीत दिलेल्या घड्याळाची पावती कोण मागतो? इथं शेजारच्या कारभारीनं तोंड घातलं. कारभारी आडतीवर दिवाणजी होता आणि मुतखड्यापासून मतदानापर्यंत त्याच्याकडं सल्ला तयार असायचा, फुकट. "पोलिसाचा दाखला काढा," तो म्हणाला. "घड्याळ चोरीचं न्हाई म्हणून. बात खतम."

तातेराव ठाण्यात गेले.

"काय चोरीला गेलं?" हवालदारानं रजिस्टर उघडत विचारलं.

"काही नाही."

"मंग कामून आले?"

"काही चोरीला गेलं नाही, असा दाखला पाहिजे."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "गुरुजी, चोरीला गेलं की या. उभ्या उभ्या लिहून घेतो. न गेल्याचं रजिस्टर न्हाई आपल्याकडं." तातेरावांना त्यातल्या त्यात राग आला तो 'गुरुजी'चा. हेडक्लार्कला गुरुजी म्हणणं म्हणजे अर्ध्या पगारावर आणून ठेवणं.

मग प्रतिज्ञापत्र. स्टँपपेपर आणला, टाईप केलं, 'सदरहू घड्याळ माझे असून ते माझेच आहे' वगैरे, आणि कचेरीत गेले तर खिडकीत कोण? त्यांच्याच शाळेचा जुना विद्यार्थी काकासाहेब, ज्याला दहावीच्या दाखल्यासाठी तातेरावांनी सात खेपा घालायला लावल्या होत्या. त्यानं वाकून नमस्कार केला, चहा मागवला, विचारपूस केली आणि म्हणाला, "सर, सही निळ्या शाईनं केली. काळी लागते." दुसऱ्या दिवशी काळी केली तर समासात केली. तिसऱ्या दिवशी मामांच्या मृत्यूचा दाखला. मामा वारले सत्तर साली, हैदराबादला! "सर, मी तर आता सोडून देईन," काकासाहेब अगदी मनापासून म्हणाला, "पण नियमाच्या बाहेर कधी जायचं न्हाई, हे तुम्हीच शिकवलं." सहाव्या खेपेला काम झालं. सातवी त्यानं माफ केली, आणि ते तातेरावांच्या मनाला जास्त लागलं.

तारीख झाली वीस. नेटवर चौकशा यायला लागल्या होत्या. पण कसल्या? एकानं विचारलं, यात अलार्म आहे का. एकानं विचारलं, पाचशेला फायनल देता का. लंडनच्या कुणी डॉक्टरीणबाईनं साठ हजार देऊ केले. घड्याळ मात्र आधी आफ्रिकेत तिच्या पुतण्याला वाढदिवसासाठी पाठवायचं होतं. तातेराव हेलावले. कारभारी तर पार्सलला लागणारं कापड घेऊनच आला. "पाठवून द्या. परतूरचं घड्याळ आफ्रिकेत चाललं, मामुली गोष्ट है का?" कौसल्यानं पाचव्या नियमावर बोट ठेवलं : आधी पैसे, मग वस्तू. पैसे मागितल्यावर बाई एकदम गप्प झाल्या आणि पुतण्याचा वाढदिवस बहुतेक राहून गेला.

आणि मग पुण्याहून 'वॉचकिंग' आला. म्हणजे त्याचा निरोप आला. नेटवरचं नाव वॉचकिंग, खालती सही ए. पी. मोजकं इंग्रजी, मुद्द्याचे प्रश्न. आतल्या मशीनचा नंबर विचारला, काच बदलली का विचारलं आणि सव्वीस हजारांवर राजी झाला. रोख घेऊन अठ्ठावीस तारखेला, रविवारी, स्वतः येतो म्हणाला. तातेरावांनी फाईलवर हिरव्या शाईनं बरोबरची खूण केली. स्कूटीचे पंचवीस आणि एक हजार हेल्मेट-पेट्रोलला. कौसल्यानं सिस्टरबाईंना जाऊन सांगितलं, सोमवारी सकाळी पैसे आणते.

सहावा नियम, अनोळखी माणसाला घरी बोलावू नका. चार माणसांच्या वर्दळीत भेटा. ठिकाण ठरलं रेल्वे स्टेशन. सोबतीला कारभारी. कारभारीनं चौघांना सांगितलं, चौघांनी आणखी कुणाला. गाडी लागली तेव्हा फलाटावर चौदा माणसं उभी. एकानं तर हार आणला होता, कोण येणार हे न विचारताच. पस्तिशीचा, चष्म्याचा, चकचकीत काळ्या बुटांचा एक माणूस पिशवी छातीशी धरून उतरला आणि समोरचा जमाव पाहून परत डब्यात चढायला लागला. कारभारीनं त्याला दंडाला धरून खाली घेतला.

व्यवहार तिथंच बाकावर उरकायचा, असा तातेरावांचा बेत. पण घरून निघताना त्यांच्या मंडळींनी, गिरिजाबाईंनी, बजावलं होतं, "माणूस पहाटंपासून उपाशी असंल. बाकावरून वाटंला लावाल तर मला सांगू नका. घरी आणा, पोहे टाकते." नियम सहावा विरुद्ध गिरिजाबाई. नियम हरला.

राहिला सातवा. गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्या. वॉचकिंगनं बसल्या बसल्या स्वतःच दोन कार्डं काढून टेबलावर ठेवली, एक लायसन्स, एक पॅनकार्ड. तातेरावांनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला, खूण करायला पेन उघडलं. इथं जर माणूस थांबला असता! पण कारभारी बसला होता ना शेजारी.

"कार्डाला काय करता?" कारभारी म्हणाला. "कार्डं पन्नास रुपयात बनून मिळतात. पाव्हणं, गाव कोणतं?"

"पुणे."

"पुणे राहायचं झालं. गाव कोणतं?"

वॉचकिंगनं चष्मा सारखा केला. "टेंभुर्णी. जाफराबाद तालुका."

"असं बोला की! मंग इतका वेळ इंग्लिश कामून झाडून राह्यले? नाव काय?"

"पुण्यात ए. पी. म्हणतात. अप्पाराव."

"टेंभुर्णीत कोणाचे?"

"कडूबा गुरुजींचा."

"कडूबा गुरुजी म्हंजी निंबाच्या फोकानं हाणायचे, ते?"

"तेच," अप्पाराव म्हणाला, आणि त्याचं पुणं पार गळून पडलं. "मलाबी लई हाणलं त्यांनी."

"झालं! पटली ओळख," तातेराव घाईनं म्हणाले आणि त्यांनी सातव्यापुढं खूण केली. "घड्याळ पाहून घ्या, पाकीट द्या, ही घ्या प्रतिज्ञापत्राची प्रत."

"थांबा हो," कारभारी म्हणाला. "आताशी बाप कळला. पाव्हणं, लग्न झालं?"

"झालं की. पाच वर्षं झाली."

"सासुरवाडी?"

"तीर्थपुरी."

आत पोह्यांत फिरणारं उलथणं थांबलं. "तीर्थपुरीत कोणाकडं?" हा प्रश्न स्वयंपाकघरातून आला.

"पुंजारामअण्णांकडं. त्यांची थोरली, बेबीनंदा, ती माझी मंडळी."

गिरिजाबाई उलथणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "अगं बाई! आमच्या पुंजारामदादाचे जावई!"

आता हे सांगितलंच पाहिजे. पुंजाराम हा गिरिजाबाईंचा सख्खा चुलत भाऊ. पाच वर्षांपूर्वी त्यानं बेबीनंदाच्या लग्नाच्या पत्रिकेत तातेरावांचं नाव छापलं ते अकराव्या नंबरला, सोसायटीच्या वॉचमनच्या खाली. तातेरावांनी पत्रिका परत पाठवली. "मी जाणार नाही आणि या घरातलं कुणी जाणार नाही." लग्नाच्या दिवशी गिरिजाबाई भाचीसाठी आणलेलं लुगडं मांडीवर घेऊन दिवसभर माजघरात बसून होत्या. त्यानंतर माहेरचं एक माणूस या दारात आलं नव्हतं की एक फोन आला नव्हता. जावयाचं तोंड त्या आज पाहत होत्या.

"पाच वर्षं," त्या म्हणाल्या आणि तिथंच जमिनीवर बसून रडायला लागल्या. "पाच वर्षांनी माझ्या माहेरचा माणूस उंबऱ्यात आल्ता, आन् तुम्ही त्याला घड्याळ विकून राह्यले?"

तातेरावांनी कौसल्याकडं पाहिलं. ती दाराशी उभी होती आणि टेबलावरच्या पाकिटाकडं बघत होती. पोरीचं ते तोंड त्यांना बघवेना. आणि बायकोचं रडणंही ऐकवेना, कारण ते अकरा नंबरचं भांडण त्यांचंच होतं. "अगं पण, नातं नात्याच्या ठिकाणी..." ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

गिरिजाबाईंनी डोळे पुसले आणि तीर्थपुरीला फोन लावला. पलीकडं पुंजाराम गहिवरून ओरडत होता, ते खोलीभर ऐकू येत होतं. "गिरजे! जावयाला घड्याळ देऊन राह्यलीस? अगं, लग्नात मी कबूल केल्तं घड्याळ, ते राहूनच गेलं. तू माझी लाज राखली! तातेराव पाव्हण्याला म्हणावं, मन आभाळाएवढं तुमचं!" घड्याळ देतंय कोण, हे तातेरावांना विचारायचं होतं. पण फोन खाली ठेवला गेला होता, आणि मन आभाळाएवढं झालेला माणूस बोलणार तरी काय?

मग काय, पाटावर बसवलं जावयाला. कुंकू लावलं. कारभारी धावत जाऊन टॉवेल-टोपी घेऊन आला, तातेरावांच्या नावावर. अप्पाराव खरंच सज्जन. तो सारखा पाकीट पुढं करत होता. "आत्याबाई, पैसे घ्या हो. ठरलेलं है. मला कसंतरी वाटून राह्यलं."

"पैसे? जावयाकडून?" गिरिजाबाईंनी पाकीट त्याच्या खिशात कोंबलं. "उद्या तीर्थपुरीत तोंड दाखवू का नको?"

"बिलकुल न्हाई घ्यायचे," कारभारी म्हणाला. "आपल्यात असं होत न्हाई."

कारभारीच्या बापाचं काय जात होतं? तातेरावांच्या तोंडात नाही नाही ते शब्द आले आणि ते त्यांनी पोह्यांबरोबर गिळले. नवाबाचं घड्याळ त्यांनी स्वतःच्या हातानं जावयाच्या मनगटावर बांधलं. कौसल्या केव्हाच आत निघून गेली होती. उद्या सकाळी सिस्टरबाईंना काय सांगायचं? आणि एक तारखेला मुख्याध्यापकांना? तीन आठवडे माणसानं नियम पाळले, पोलिसाकडून गुरुजी म्हणवून घेतलं, पोराच्या वयाच्या क्लार्कपुढं सहा खेपा घातल्या, आणि हाती काय, तर टॉवेल-टोपीचं बिल! त्यांचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, सोयरीक जुळली म्हणून.

साडेचारच्या गाडीला अर्धा तास राहिला तेव्हा अप्पाराव उठला, पाया पडला आणि दारात जाऊन उभा राहिला. तसाच उभा राहिला.

"काय झालं जावईबापू?"

"बूट दिसत न्हाईत."

पायरीवर पाहिलं, मोरीत पाहिलं, कारभारीनं गल्लीतल्या कुत्र्यावरही आळ घेतला. तेवढ्यात मागच्या दारानं कौसल्या पुढं आली. हात पाठीमागं.

"दाजी," ती म्हणाली, "लग्नात तुमचे बूट कोणी लपवले होते?"

"कोणीच न्हाई. मेव्हणी कुठं होती? धाकट्या दोघी पोरी शाळकरी, त्या जेवणावळीत."

"मी होते ना मेव्हणी. मला येऊ दिलं न्हाई. माझा मान राहून गेला."

अप्पाराव हसायला लागला. "बराबर है. बोल, काय पाहिजे?"

"सव्वीस हजार."

"पोरी!" कारभारी म्हणाला. "बुटाचे सव्वीस हजार? पाचशे-हजार घेतात मेव्हण्या!"

"तुम्ही मधी बोलू नका कारभारीभाऊ," गिरिजाबाई म्हणाल्या. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी त्या लेकीकडं क्षणभर बघत राहिल्या, मग पदर सावरला. "दाजी-मेव्हणीच्या मधी मोठ्या माणसानं बोलायची पद्धत न्हाई आपल्यात."

अप्पाराव तर या सुटकेचीच वाट बघत होता. त्यानं खिशातलं पाकीट काढलं, कौसल्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, इतके महाग बूट मी पुण्यातबी घातले नव्हते." बूट तिनं धुण्याच्या हौदातून काढून दिले; हौद कोरडा होता, एवढी दया तिनं दाखवली होती. जाताना त्यानं परतूरच्या फलाटावर चौदा माणसांना मनगट वर करून घड्याळ दाखवलं.

रात्री तातेरावांनी फाईल काढली. बारावा नियम राहिला होता : व्यवहाराची लेखी नोंद ठेवा. घड्याळ विकलं असं लिहावं तर बायको तोंड बघणार नाही, आणि खोटं त्यांनी एकतीस वर्षांत कागदावर कधी उतरवलेलं नव्हतं. तासभर पेन चावून त्यांनी शेवटी काळ्या शाईत, समास सोडून लिहिलं : 'बूट, काळे, वापरलेले, जोड एक. मूळ मालकास परत.' खाली सही केली आणि नाडी आवळली.

एक तारखेला कौसल्या सव्वादहालाच शाळेत पोचली. कुलूप होतं. अकराच्या एसटीनं मुख्याध्यापक आले तेव्हा ती पायरीवर वह्या तपासत बसली होती.

आठवडाभरानं तीर्थपुरीहून पुंजारामचा फोन आला. गिरिजाबाईंशी अर्धा तास बोलणं झालं आणि मग त्यांनी तोंडाला पदर लावून तातेरावांना हाक मारली. "अहो, दादा म्हणतो, थोरल्या जावयाचं घड्याळ पाहून मधव्या पोरीचा नवरा रुसला. त्यालाबी तुमच्याकडं पाठवू का म्हणतो. काय सांगू?"

तातेरावांनी वर्तमानपत्र खाली केलं, स्वयंपाकघरात डोकावून कौसल्या घरात आहे याची खात्री करून घेतली, आणि म्हणाले,

"पाठव म्हणावं. पण चपलेवर नको. बूट घालून ये म्हणावं."